गल्लीत सगळे जेवलेले

२ नोव्हेंबर, सोमवार

फॉर्मवाली येऊन गेली आणि मी घरी नव्हते! महिनाभर सगळी गल्ली तिच्या वाटेकडे डोळे लावून होती. रेशनची कार्डं नव्याने ठरणार, कुणाचं राहणार, कुणाचं जाणार, सगळं तिच्या फॉर्मवर. आणि ती आली नेमकी दुपारी तीनला, मी लाँड्रीत वाफेत उभी असताना.

सासूबाईंना विचारलं, काय काय विचारलं तिने?

"काही नाही गं. गोड मुलगी आहे. पाणी प्यायली. माणसं किती, कमावतं कोण, छप्पर गळतं का..."

"आणि खाण्यापिण्याचं?"

"विचारलं की. सांगितलं मी नीट."

नीट सांगितलं म्हणजे झालं. पिल्लूचे बाबा गेल्यापासून कार्डावर कुटुंबप्रमुख त्याच आहेत. पहिली व्यक्ती सासूबाई, दुसरी मी, तिसरी पिल्लू. मला ते अधूनमधून काढून वाचायला आवडतं. नाटकातली पात्रं लिहितात तसं वाटतं.

आज लाँड्रीत दुपारी गरम भात होता आणि वाटाण्याची भाजी. वर लिंबाची फोड. पिल्लूला सगळं सांगितलं. तिने डोळे मिटून ऐकलं.

३ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटे स्वप्न पडलं. रेशनच्या दुकानात धान्याऐवजी झोप तोलून देत होते. मी पिशवीचं तोंड धरून उभी, आणि काटा काही हलेना.

५ नोव्हेंबर, गुरुवार

आज धुकं होतं. बाहेरही आणि लाँड्रीतही. मला असे दिवस आवडतात. भिंती जरा लांब गेल्यासारख्या वाटतात.

हॉटेलच्या चादरींची घडी घालायला दोघी लागतात. एक टोक माझ्याकडे, एक समोरचीकडे. तिचं नाव आहे चांगलं, पण मी तिला समोरचीच म्हणते आणि ती मला तंद्री. चादर ताणायची, झटकायची, मग चालत जवळ यायचं, टोकाला टोक मिळवायचं. तेवढ्यात एक वाक्य बोलून होतं. मग पुन्हा मागे. पुन्हा चादर ताणली की दुसरं वाक्य. आमचं सगळं बोलणं असं घडीघडीने चालतं. एखादी भानगड पूर्ण कळायला चाळीस चादरी लागतात.

आज तिची वाक्यं:

"तुमच्याकडे फॉर्मवाली आली?"

(घडी.)

"आमच्याकडे सांगितलं, गेल्या महिन्यात तीन दिवस चूल नाही पेटली."

(घडी.)

"लाज? लाज पोटाला बांधून ठेवू काय?"

पांढऱ्या चादरीवर काहीच लपत नाही. माणसं पलंगावर बसून खातात! हा चहाचा डाग, हा जामचा. अंड्याचा पिवळा कधी सुटत नाही, आधी गार पाण्यात घालावा लागतो. मी डागाकडे बघत बसले की समोरची टोकाला हिसका देते, "तंद्री! उतर खाली!"

आज लाँड्रीत उकडलेली अंडी होती. आणि पाव, लोणी लावून. पिल्लू म्हणाली, दोन अंडी? मी म्हटलं, हो, दोन.

८ नोव्हेंबर, रविवार

रेशनची रांग. दोन तास. रांगेत उभं राहायला मला आवडतं असं म्हटलं तर लोक वेड्यात काढतील. पण खरंच, कुणी आपल्याकडून काही मागत नाही. फक्त पुढे सरकायचं.

माझ्या पुढे बटणवाली. घरी बसून शर्टांना बटणं लावते, बोलतानासुद्धा हात हवेत टाके घालत असतात. मागे कुलूपवाला. दोघांचं रांगभर भांडण. तो म्हणतो, सरकारने धान्य देऊ नये, रोकड द्यावी, मला काय खायचं ते मी ठरवीन. ती म्हणते, "रोकड आली की पहिल्या तारखेला भाडेवाला येतो. पीठ न्यायला भाडेवाला आलेला पाहिलाय का कधी?" रांग हसली. आमच्याच गल्लीतले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, देतात ते घ्या मुकाट्याने, उपकार समजा. त्यावर बटणवाली वळून अशी काही बघायला लागली की आजोबा दुकानाची पाटी वाचू लागले.

मला विचारलं असतं तर म्हटलं असतं, सरकार म्हणजे लांबचा श्रीमंत मामा. पाठवतो, पण कधी पाठवेल सांगता येत नाही, आणि दर वेळी विचारतो, अजून लागतंच का तुम्हाला?

तांदूळ मिळाले. खडे आहेत, पण तांदूळही आहेत.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

काही नाही. दिवसभर पिसासारखं हलकं वाटलं.

१६ नोव्हेंबर, सोमवार

कार्ड बंद.

दुकानाच्या फळीवर यादी चिकटवली आहे. आमच्या गल्लीतली सतरा घरं, सगळी एका मथळ्याखाली — "अन्नसुरक्षित कुटुंबे". दुकानदार म्हणाला, "अभिनंदन. तुमची गल्ली पोटभर जेवते." त्याला विनोद करायचा नव्हता, बिचाऱ्याचं तोंडच तसं आहे. पुढच्या महिन्यापासून धान्य नाही. पलीकडच्या गल्लीतली, समोरची राहते तिथली, सगळी कार्डं मात्र राहिली.

डब्यात आहे ते पीठ किती दिवस जाईल? बघायला झाकण काढलं आणि परत लावलं.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

सासूबाईंना समोर बसवलं. म्हटलं, आई, आता शब्दन् शब्द सांगा, ती काय म्हणाली आणि तुम्ही काय म्हणालात.

"ती म्हणाली, आजी, जेवणबिवण होतं ना नीट?"

"मग?"

"मग काय? हो म्हटलं. होतं की, म्हटलं. तू बस, तुझं झालं का? असं विचारलं तिला."

मी कपाळाला हात लावला. "अहो आई, ती सरकारी माणूस होती!"

"असेल. पण दारात आली होती ना? दारात आलेल्या माणसाने जेवलात का म्हटलं तर काय सांगतात? उपाशी आहोत? अशाने ती पाणी तरी प्यायली असती का?"

मला कुणी विचारलं असतं तर?

संध्याकाळी चौकशी केली. सतराच्या सतरा घरी तेच! बटणवाली, जी रांगेत आजोबांना गिळायला निघाली होती, तीसुद्धा म्हणाली होती, "हो, आत्ताच झालं, ये ना तू पण." कुलूपवाल्याने तर ढेकर दिला होता. "सवय गं," म्हणाला, "पाहुण्यासमोर देतो मी."

रागवावं की हसावं? मी दोन्ही केलं.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

कुलूपवाल्याला "अन्नसुरक्षा" या शब्दाने पछाडलं आहे. म्हणतो, "सुरक्षा म्हणजे काय? आत माल, बाहेर चोर, मधे कुलूप. माल म्हणजे अन्न. मग चोर कोण? आपण! अन्नाला आपल्यापासून वाचवायची योजना आहे ही. मला आधी सांगितलं असतं तर कुलपं मीच पुरवली असती."

गल्ली खदखदा हसली. मीही हसले, आणि मग उगाच बराच वेळ त्या कुलपांचा विचार करत बसले. गोदाम, त्याला केवढं थोरलं दार, आणि आत पोती एकमेकांना टेकून निवांत झोपलेली.

आज लाँड्रीत बटाट्याची भाजी, भात, आणि शेवटी केळं. पिल्लूने विचारलं, मला एक केळं आणता येत नाही का? म्हटलं, बाहेर नेऊ देत नाहीत गं.

२१ नोव्हेंबर, शनिवार

अर्धा दिवस रजा. बटणवाली आणि मी ऑफिसात. तिथे जिन्यातच फॉर्मवाली भेटली. गोड आहे खरीच. आम्हाला ओळखून खुश झाली. मग आम्ही का आलोय ते कळल्यावर तिचा चेहरा असा पडला की आम्हालाच तिची समजूत घालावी लागली.

तिने फॉर्म दाखवला. प्रश्न छापलेला आहे: "मागील महिन्यात अन्नाअभावी कुटुंबातील कोणी उपाशी राहिले होते काय?"

"मग असं का नाही विचारलंस?" बटणवाली म्हणाली.

"ताई, आईच्या वयाच्या माणसांना तोंडावर असं कसं विचारणार?" ती रडवेली झाली. "म्हणून मी आपलं... जरा नीट शब्दांत..."

तिने मर्यादा पाळली, आम्ही मर्यादा पाळली. आणि कार्डं गेली! पलीकडच्या गल्लीत दुसरा माणूस गेला होता म्हणे. उर्मट. छापलं होतं तसं खेकसून विचारलं त्याने. तिथल्यांनी खेकसूनच उत्तरं दिली.

तीन डिसेंबरला फेरसुनावणी. अट एकच: कुटुंबप्रमुखाने स्वतः यायचं आणि साहेबांसमोर तोंडाने सांगायचं, आमच्या घरात माणूस उपाशी राहतं. सांगितलं तर कार्ड सुरू, नाही तर तीन वर्षं नाव निघालं ते निघालं.

म्हणजे सासूबाईंनी सांगायचं.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

"मी नाही म्हणणार," सासूबाई.

चार दिवस हेच. मी गोडीने सांगितलं, चिडून सांगितलं, पिल्लूची शपथ घातली. "झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणतात. मी म्हटलं, अहो मूठ उघडून बघा तरी, दाणा नाही आत!

मग आज सकाळी कपडे वाळत घालताना आपणहून बोलल्या. लहान होत्या, सहासात वर्षांच्या. घरी कुणीसा आला. आई आत होती. त्याने विचारलं, काय गं, जेवलीस का? आणि यांनी खरं ते सांगितलं: आज काही केलंच नाही. त्याने खिशातून एक नाणं काढून यांच्या तळहातावर ठेवलं आणि निघून गेला. "आई बाहेर आली. ओरडली नाही गं. नुसती त्या नाण्याकडे बघत राहिली. माझ्याकडे बघेचना. मला वाटलं, आता ही माझ्याकडे कधीच बघणार नाही."

मी चिमटे देत राहिले. सत्तरीच्या बाई, आणि तळहात अजून मिटलेलाच.

मला फार वाईट वाटलं. पण कार्ड हवंच.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी सगळ्या डबे उघडतात तेव्हा मी गच्चीवर जाते. तिथे चादरी वाळत असतात, रांगांमागून रांगा. मधून चालत गेलं की गल्ल्या तयार होतात, पांढऱ्या, आणि वारा आला की वळणं बदलतात. आज मी एका गल्लीत शिरले आणि शेवटी एक दार होतं. दार उघडलं तर गोदाम. पीठ, पीठ, नुसतं पीठ, गुडघ्यापर्यंत. ऊबदार. मी त्यात बसले. कुणीतरी म्हणालं, कार्ड दाखवा. मी म्हटलं, मी दुसरी व्यक्ती आहे. ते म्हणाले, मग झोपा.

डोळे उघडले तेव्हा समोरची माझ्या तोंडावर पाणी मारत होती.

"पडलीस तू."

"बसले होते."

"तंद्री, चादर ओढून घेऊन खाली पडलेलीस तू. काही खाल्लंस?"

"हो, झालं की मघाशी."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मधे चादर नव्हती, म्हणून मला कुठे बघावं कळेना. मग ती पडलेली चादर परत धुवायला घेऊन गेली.

२९ नोव्हेंबर, रविवार

आज गल्लीत तालीम! पायरीवर कुलूपवाला साहेब होऊन बसला, चष्मा नाकावर, पुढ्यात उलटा डबा. एकेकाने यायचं आणि सांगायचं.

बटणवाली पहिली. गेली ती तरातरा आणि भाजी विकल्यासारखी ओरडली, "उपाशी! आम्ही उपाशी!" टाळ्या. मग आजोबा. साहेब हळूच म्हणाले, "या काका, बसा, कसं काय, जेवलात का?" आजोबा पटकन, "हो हो, आत्ताच." हसून हसून सगळ्यांची पुरेवाट. पुन्हा आजोबा. पुन्हा तेच! तिसऱ्या वेळी त्यांनी तोंडावर हात ठेवून घेतला, मग हातामागून "उपाशी" म्हणाले. आणि त्यानंतर कुणी हसलं नाही.

मी कडेला उभी राहून सगळ्यांना शब्द पढवत होते. उ-पा-शी. तीन अक्षरं. म्हणायला किती सोपी. सासूबाई दार लोटून आत बसल्या होत्या.

३० नोव्हेंबर, सोमवार

पिठाचा डबा आज पुसून घेतला. बटणवालीने वाटीभर दिलं.

पिल्लूने विचारलं, आज लाँड्रीत काय होतं? आज फार छान होतं. दुधातला भात, साखर घालून, आणि वर बदाम. ती म्हणाली, कसे होते, चिरलेले की अख्खे? मी म्हटलं, चिरलेले. पातळ. सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, पुरे आता. उगाच.

३ डिसेंबर, गुरुवार

सकाळी मी कामावर निघायच्या तयारीत, आणि सासूबाई ठेवणीतले कपडे घालून दारात उभ्या! "चल," म्हणाल्या. "कुठे?" "कुठे म्हणजे? तिथे." मी काही विचारलं नाही. विचारलं तर बदलतील म्हणून. पिल्लू बटणवालीच्या बहिणीकडे.

ऑफिसात लांबलचक बाक. आपली सगळी गल्ली. बटणवालीचं पहिल्या झटक्यात झालं, साहेब दचकलेच. आजोबांचंही झालं. मग आमचा पुकारा.

साहेब चांगले निघाले. हीच तर पंचाईत! म्हणाले, "या आजी, बसा. चहा सांगू?"

"नको नको, आत्ताच झाला," सासूबाई.

मी डोळे मिटले. गेलं.

साहेबांनी कागद पुढे ओढला आणि छापलं होतं तसंच वाचलं. कुटुंबातील कोणी अन्नाअभावी उपाशी राहते काय? पंखा फिरत होता. मला वाटलं, आता त्या "नाही" म्हणणार आणि मी तीन वर्षं तो पंखा ऐकणार.

"मी नाही," त्या म्हणाल्या. "मला वाढते ही. पोरीलाही वाढते."

मग बोट माझ्याकडे केलं.

"ही राहते. ही उपाशी राहते, साहेब."

मी म्हटलं, "आई!"

"लाँड्रीत जेवते म्हणून सांगते. रोज नवं नवं सांगते पोरीला. बोलाचाच भात अन् बोलाचीच कढी! मी हिच्याशेजारी झोपते. ही झोपेत चावते, साहेब. तोंडात काही नसतं आणि दात चालू असतात. कुरकुर कुरकुर. मला ऐकवत नाही आता."

सगळा बाक माझ्याकडे बघत होता. कान तापले माझे. त्यांनी तो शब्द उच्चारला! साठेक वर्षं दाबून ठेवलेला, परक्या माणसासमोर, आणि स्वतःसाठी नाही. मला त्यांच्या पायांशी बसावंसं वाटलं आणि तिथून पळून जावंसंही वाटलं.

साहेब माझ्याकडे वळले. आवाज अगदी मऊ केला. "काय ताई? जेवता ना तुम्ही?"

आणि मी — मी! जिने अख्ख्या गल्लीला पढवलं — मी मान डोलावून म्हटलं, "हो हो. झालं की."

मागे कुलूपवाला "अरे देवा" म्हणाला. सासूबाईंनी बाकाची कड धरली. साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, दोघींचं जुळत नाही, असं मला मंजूर करता येणार नाही. ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्या हातचं लेखी आणा, उद्या बाराच्या आत. दोन ओळी पुरेत. नाहीतर मला फाईल बंद करावी लागेल.

परतीच्या वाटेवर रस्ता ओलांडताना सासूबाईंनी माझा हात धरला, आणि पलीकडे गेल्यावरही सोडला नाही.

पिल्लूने विचारलं, आज लाँड्रीत काय होतं? मी तोंड उघडलं. काहीच सुचलं नाही.

४ डिसेंबर, शुक्रवार, सकाळी

मी, कार्डावरील दुसरी व्यक्ती, लिहून देते की लाँड्रीत जेवण मिळत नाही. कधीच मिळत नव्हतं. उन्हाळ्यापासून मी दुपारची जेवलेली नाही, आणि संध्याकाळी दोघींचं होऊन उरलं तर जेवते. सासूबाई काल बोलल्या ते खरं आहे. मी बोलले ते खोटं. मी उपाशी आहे.

साहेब, घरात कोरा कागद नाही, म्हणून हेच पान फाडून आणते आहे. मागच्या बाजूला माझं खासगी लिहिलेलं आहे. वाचलंत तरी चालेल.